बिऱ्हाड आणि भजन : पालखीतळाचा एक इतिहास

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण कीव किंवा उपरोध या दोनच सुरांत वापरत आलो आहोत. ती घरात बसलेल्या माणसाने वाटेवरच्या माणसाकडे पाहून केलेली म्हण आहे, हे उघड दिसते. ज्याला स्थिर घर नाही त्याला शेत नाही, पत नाही, आणि म्हणून भरवसाही नाही, असा गृहस्थी समज तिच्यामागे आहे. तरीही ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकाराम महाराजांची पालखी निघते तेव्हा घरदार, शेतीवाडी असलेली माणसे स्वखुशीने बिऱ्हाड उचलतात, आणि तेही गाण्यासाठी. आषाढाच्या तोंडावर ही पालखी बारामतीत येते. बारामतीला लागून असलेल्या आणि आता शहराचाच भाग झालेल्या जळोचीसारख्या गावांना हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. परिचयाच्या गोष्टीचा इतिहास विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. या लेखात तो विचारायचा आहे, आणि विचारताना पखवाजाइतकेच लक्ष त्यामागून येणाऱ्या ट्रकाकडे द्यायचे आहे.

गाणे आणि मुक्काम यांचा संबंध आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ‘ब्लूग्रास’ नावाचे एक संगीत आहे. बिल मन्रो या केंटकीच्या मँडोलिनवादकाच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचावरून त्याला ते नाव पडले. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास ही त्याची वाद्ये. १९६५ च्या सप्टेंबरात व्हर्जिनिया राज्यातील फिनकॅसल येथे घोड्यांच्या एका शेतावर कार्लटन हेनी यांनी या संगीताचा अनेक दिवसांचा पहिला उत्सव भरवला. १९६७ पासून इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथे स्वतः मन्रो यांचा उत्सव सुरू झाला. अशा उत्सवांना रसिक तंबू घेऊन जातात, किंवा ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय आहे अशी घरासारखी मोटार घेऊन जातात, आणि तीन-चार दिवस मैदानातच राहतात. मंचावरचा कार्यक्रम संपला की मोटारींच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसे कोंडाळे करून उभी राहतात आणि पहाटेपर्यंत वाजवत बसतात. या उत्सवांचे खरे संगीत मंचावर होते की वाहनतळावर, हा तिथल्या जाणकारांच्या आवडीचा वाद आहे. आपल्या पालखीतळाकडे पाहताना हा वाद उपयोगी पडतो, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला.

फिरत्या बिऱ्हाडाचे आणि गाण्याचे नाते किमान तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात गाणारा फिरतो आणि ऐकणारा घरी जातो. तमाशाचा फड हे याचे ठळक उदाहरण. जत्रांच्या हंगामात फडाचे ट्रक गावोगाव जातात, कनात उभी राहते, मागे कलावंतांच्या राहुट्या पडतात, तिथेच चूल पेटते, तिथेच लहान पोरे वाढतात. प्रेक्षक मात्र पहाटे आपापल्या अंथरुणात जाऊन पडतो. मन्रो यांचाही १९४० च्या दशकात असाच फिरता तंबू होता, हे साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या प्रकारात ऐकणारा बिऱ्हाड घेऊन गाणाऱ्याकडे येतो, आणि मुक्कामामुळे हळूहळू स्वतःच गाऊ लागतो. ब्लूग्रासचे उत्सव या प्रकारात मोडतात. तिसऱ्या प्रकारात मंच नसतो, तिकीट नसते, आणि जो राहतो तोच गातो. वारी ही या तिसऱ्या प्रकारची आहे. पालखीतळावर कीर्तन होते हे खरे. पण दिवसभराचे भजन ऐकण्यासाठी नसते, ते म्हणण्यासाठी असते.

हा तिसरा प्रकार शक्य व्हायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही वाहतुकीशी जोडलेल्या आहेत. वाद्य उचलून नेण्याजोगे असावे लागते, आणि गीतांचा साठा सर्वांना पाठ असावा लागतो. टाळ ही वारकऱ्यांची या दृष्टीने फार मोठी निवड म्हटली पाहिजे. तो स्वस्त आहे, पिशवीत मावतो, पावसाने बिघडत नाही आणि चालता चालता शिकता येतो. पखवाज आणि वीणा यांना जाणकार हात लागतो, म्हणून ती दिंडीत मोजकी असतात. टाळ मात्र कोणीही घ्यावा. अभंगांचा क्रम, हरिपाठ, सांप्रदायिक चाली हे सारे पाठ असल्यामुळे बीडचा वारकरी सांगलीच्या दिंडीत जाऊन उभा राहिला तरी त्याला परके वाटत नाही. ब्लूग्रासच्या कोंडाळ्यातही नेमके हेच आहे. विजेवाचून चालणारी वाद्ये आणि सर्वांना ठाऊक असलेली गाणी, एवढ्या भांडवलावर अनोळखी माणसे एकमेकांशी वाजवू शकतात. ज्याला आपण लोकसंगीताचा आत्मा वगैरे म्हणतो त्याचा बराचसा भाग ओझ्याच्या हिशेबात असतो.

या हिशेबाची घडी कशी बसली ते आता पाहू. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली असे परंपरा मानते. २०२५ साली देहूहून निघालेला सोहळा ३४० वा गणला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत राहिलेले होते, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्या सोहळ्याला अश्व आणि तंबू पुरवले. या तपशिलाचे महत्त्व नीट ओळखले पाहिजे. वारीची परिभाषा ऐकावी : चोपदार, कर्णा, नगारा, अब्दागिरी, अश्व, तळ, मुक्काम. यातला एकही शब्द देवळातून आलेला नाही. ते दरबारातून आणि लष्करातून आले आहेत. मराठी समाजाला हजारो माणसांचा तळ हलवण्याची, रोज नवे गाव उभे करून दुसऱ्या पहाटे ते गुंडाळण्याची विद्या फौजेने शिकवली होती. फौजेमागे बाजारबुणगे चालत, त्यांच्यात धान्याचे व्यापारी असत, कारागीर असत, यात्रेकरूही असत. राज्य गेले, फौजा मोडल्या, आणि ती तळ हलवण्याची विद्या भजनाच्या कामी आली. पराभवानंतर शिल्लक राहिलेल्या कौशल्यांचा याहून शांत उपयोग आपल्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

बारामती-इंदापूरच्या मुलखाला मात्र फिरते बिऱ्हाड शिकायला फौजेची गरज नव्हती. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे धनगरांचे वाडे होते आणि आहेत. धनगरांचा ‘वाडा’ म्हणजे दगडी चिरेबंदी घर नव्हे. मेंढरे, कुत्री, घोड्यांवर लादलेला संसार आणि रात्रीपुरती लावलेली वाघूर, या सगळ्याला मिळून वाडा म्हणतात. एकाच शब्दात बाबूजी नाईकांचा बारामतीतला वाडाही बसावा आणि रानातला मेंढपाळांचा तळही बसावा, ही मराठीची मौज आहे. पावसाळा सरला की हे वाडे हिरव्या मुलखाकडे सरकतात, आणि पावसाच्या तोंडी कोरड्या माळांवर परततात. त्यांच्या ओव्यांचा अभ्यास गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने अनेक वर्षे केला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या त्या दीर्घ कथा फिरत्या समाजाने जपलेले वाङ्मय आहे. तेव्हा पालखी या भागात शिरते ती बिऱ्हाडांच्या ओळखीच्या मुलखात शिरते. बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि पालखीभोवती मेंढरांचे रिंगण होते. एरवी रिंगणात अश्व धावतो. येथे मेंढरे धावतात. एका फिरत्या समाजाने दुसऱ्या फिरत्या समाजाला केलेला तो नमस्कार आहे असे म्हटले तर वावगे होऊ नये.

नाईकांच्या वाड्याचा उल्लेख आला तर मोरोपंतांचाही व्हायला हवा. १७२९ ते १७९४ हे त्यांचे आयुष्य, आणि त्यातला मोठा काळ या कऱ्हाकाठी नाईकांच्या आश्रयाने गेला. पंडिती काव्य छपराखालचे होते. त्याला पोथी लागे, पुराणिक लागे, आणि निवांत बसलेला श्रोता लागे. त्याच गावावरून दरवर्षी एक दुसरे काव्य टाळ वाजवत निघून जाई. या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची खोड समीक्षेने सोडून द्यावी. पण एक फरक नोंदवावा. आर्येला आश्रयदाता लागला, अभंगाला मुक्कामाची जागा लागली. बारामतीने दोन्ही दिले.

आता ट्रकाविषयी. बैलगाडीच्या काळात दिंडी तेवढेच नेऊ शके जेवढे बैल ओढतील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रक आला आणि दिंडीचे स्वरूप बदलले. आज दिंडीचा ट्रक म्हणजे चाकावरचे घरच असते. त्यात राहुट्यांची कापडे व बांबू, मोठी पातेली, शिधा, वळकट्या, औषधे, आणि कित्येकदा थकलेली माणसे असतात. सोबतीला पाण्याचा टँकर असतो. चालणारी दिंडी पोचण्यापूर्वी ट्रक मुक्कामी पोचतो, राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. बारामतीत पालखी शारदा प्रांगणात विसावते; दिंड्या मात्र शाळांत, कार्यालयांत, मोकळ्या पटांगणांत आणि शहराच्या कडेने पसरतात. एका रात्रीपुरते बारामतीत दुसरे एक गाव वसते, त्याला गल्ल्या असतात, शेजार असतो, आणि प्रत्येक शेजाऱ्याचे गाणे वेगळ्या सुरात चालू असते. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि मग नीरा ओलांडून सोलापूर जिल्हा.

ट्रकामुळे म्हाताऱ्यांना वारी शक्य झाली, आजाऱ्याला मागे सोडून जाण्याची वेळ टळली, पावसात भिजलेल्या माणसाला कोरडे अंथरूण मिळाले. या सोयींना नाके मुरडणाऱ्यांनी एकदा आषाढातल्या पावसात उघड्यावर रात्र काढून पाहावी. पण प्रत्येक सोयीची एक किंमत असते, आणि ती कोण देतो हे पाहणे इतिहासाचे काम आहे. अनेक दिंड्यांत ट्रकाबरोबर पुढे जाऊन शेकडो माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाया असतात. त्यांची वारी धुरात आणि पिठात होते; पालखी त्यांना दिसली तर दिसली. दिवसभर त्या ज्यांच्यासाठी राबतात ते टाळकरी मुक्कामी येऊन जेवतात आणि भजनाला बसतात. भजनाला बसण्याची उसंत ही सुद्धा शिध्यासारखीच वाटून घ्यायची गोष्ट आहे, याचा विचार फारसा झालेला नाही.

चूल हा या साऱ्या इतिहासाचा अवघड भाग आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात आहे. १९६२ मध्ये तो इंग्रजीतून ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला आणि वारीच्या जगभरातील अभ्यासकांचा तो आधार ठरला. त्यात त्यांनी सांगितलेली सर्वांत बोचरी गोष्ट भजनाविषयीची नाही, जेवणाविषयीची आहे. ज्या दिंडीबरोबर त्या चालल्या, तिच्यात ब्राह्मण आणि मराठे एकत्र गात होते आणि वेगवेगळे जेवत होते. दिवसभर एका चालीत चाललेली माणसे तळावर येताच दोन भागांत विभागली जात. याचा अर्थ असा की वाट जे जोडी ते मुक्काम तोडी. अभंगात सर्वांना एक म्हणणे सोपे असते. राहुटी कोणी कोणाशेजारी ठोकायची, पाणी कोणी कोणाच्या घागरीतून घ्यायचे, हे प्रश्न आले की समाज आपले खरे रूप दाखवतो. आणि ज्यांच्यासाठी पंढरीच्या देवळाचे दारच उघडे नव्हते त्यांचा विचार केला, तर हे चित्र आणखी गडद होते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. चोखोबांचे अभंग त्याआधी कित्येक शतके त्याच वाटेवर गायले जात होते.

म्हणूनच दिंडीचा आजचा वर्गणीचा व्यवहार आम्हांला केवळ व्यापारी वाटत नाही. अनेक दिंड्यांत आज ठरलेली वर्गणी भरणाऱ्याला राहुटीत जागा आणि पंगतीत पान मिळते. यात पूर्वीची आत्मीयता राहिली नाही, अशी तक्रार ऐकू येते, आणि ती अगदीच खोटी नाही. परंतु पूर्वीची आत्मीयता जातीच्या चुलीभोवतीची होती, आणि वर्गणीची पावती जात विचारत नाही. पैशाने जे अंतर पाडायचे ते पाडलेच आहे : एका राहुटीत गाद्या, दुसरीत गवतावर पसरलेली ताडपत्री. तरी एका पंगतीला बसवण्याचे जे काम भजनाला साधले नाही, त्यातले थोडे ट्रकाने आणि पावतीने केले असेल, तर ते इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.

वाहनाने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे ध्वनिवर्धक. हल्ली कित्येक दिंड्यांत एखाद्या गाड्यावर कर्णे आणि बॅटरी असते. पुढच्या चार-दोन गायकांचा आवाज त्यामुळे दूरवर जातो, आणि मागच्या शंभरांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानांनाही ऐकू येत नाही. वर सांगितलेल्या तीन प्रकारांची आठवण येथे करावी. ध्वनिवर्धक लागला की गाणारा आणि ऐकणारा पुन्हा वेगळे होतात. जो राहतो तोच गातो, हा नियम ढिला पडतो. अमेरिकेतल्या त्या उत्सवांतही मंचावर ध्वनिवर्धक असतोच, पण मोटारींच्या मधल्या कोंडाळ्यात तो नसतो, आणि वाजवणाऱ्याचा जीव कोंडाळ्यात असतो. आपल्याकडे निदान रात्रीच्या राहुटीतले भजन अजून उघड्या गळ्याचे आहे.

बिऱ्हाडावाचून ही वारी काय उरते, याची परीक्षा २०२० साली झाली. करोनाच्या साथीमुळे पायी वारी रद्द झाली. ३० जून २०२० रोजी, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी.च्या बसने पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही बसचाच आधार घ्यावा लागला. पादुका पोचल्या, पूजा झाली, तिथी पाळली गेली. म्हणजे विधी पूर्ण झाला. तरी त्या दोन वर्षांना कोणी वारी झाली असे मनापासून म्हणत नाही. शारदा प्रांगण रिकामे राहिले, काटेवाडीची मेंढरे रानातच राहिली. वाहन होते, देव होता, भजनही बसमध्ये झालेच असेल. नव्हता तो मुक्काम. ज्याला आपण वारीतली दुय्यम व्यवस्था समजत होतो, ती राहुटी, ती चूल, तो चिखलातला शेजार, हाच तिचा गाभा होता, हे त्या अनुपस्थितीने दाखवून दिले.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. देहूच्या पालखीच्या वाटेचा पाटसपासूनचा भाग आता ९६५ जी या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि पायी चालणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पट्टा ही त्या योजनेची एक बाजू आहे. चालण्याची सोय होते आहे, याचा आनंदच आहे. प्रश्न थांबण्याच्या जागेचा आहे. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा आला तेव्हापासून या भागातल्या जमिनीची किंमत पाण्यावर ठरू लागली, माळरानाचा ऊस झाला. पुढे शहर वाढले तशी ती किंमत चौरस फुटांवर ठरू लागली. जळोचीच्या शिवारात जिथे पीक उभे असे तिथे आज घरांच्या ओळी, उपबाजार आणि रस्ते आहेत. या वाढीबद्दल गावाला बोल लावता येणार नाही; पोरांना घरे हवीतच. पण मोकळे पटांगण ही सुद्धा गावाची मालमत्ता असते, आणि वर्षातून एकच रात्र वापरली जाणारी जागा नकाशावर रिकामी दिसते. नगररचनेच्या भाषेत रिकाम्या जागेला फार काळ रिकामे राहता येत नाही.

याच शिवारात दिवाळीनंतर दुसरी एक बिऱ्हाडे येतात. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या आसऱ्याने कोप्या घालून राहतात, आणि पट्टा पडला की निघून जातात. त्यांच्या तळाला कोणी पायघड्या घालत नाही. त्यातलीच कित्येक माणसे आषाढात टाळ घेऊन याच रस्त्याने जातात तेव्हा मात्र गाव त्यांच्या पाया पडते, त्यांना पिठले-भाकरी वाढते, त्यांचे पाय चेपते. माणूस तोच, बिऱ्हाडही बहुधा तेच. एका रात्रीपुरते जे आपल्याला साधते ते उरलेल्या वर्षात का साधत नाही, हा प्रश्न पालखी दरवर्षी आपल्या दारात ठेवून पुढे जाते. दाराबाहेर तिला थांबायला जागा आहे तोवर तो प्रश्नही राहील.